१०० मिलीची अट सगळीकडून उठलेली नाही
‘केबिन बॅगेत आता कितीही मोठी बाटली न्या, १०० मिलीची अट जगभर रद्द झाली’ हा मेसेज अर्धाच खरा आहे. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यावर, विमानात सोबत नेायच्या बॅगेत द्रवाची बाटली १०० मिलीपेक्षा मोठी नको, ही अट आली. बॅगेच्या आतलं त्रिमितीय चित्र दाखवणारे नवे सीटी स्कॅनर बसवलेल्या काही विमानतळांनीच ती सैल केली आहे. स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गला २ लिटरपर्यंत चालतं. पण जाताना तपासणीत चाललेली बाटली परतीच्या विमानतळावर, किंवा मध्ये विमान बदलताना पुन्हा तपासणी झाली तर तिथेच, काढून घेतली जाऊ शकते. शिवाय जुना नियम लागू असेल तिथे बाटलीचं माप बघतात, आत किती उरलंय ते नाही. २०० मिलीच्या ट्यूबमध्ये तळाशी बोटभर पेस्ट उरली असली, तरी ती अडते. म्हणून वाटेतल्या प्रत्येक विमानतळाचा नियम त्याच्याच वेबसाइटवर बघा.