सॅम कुकचे हिशेब

आषाढी जवळ आली की महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत, आणि ओघानेच आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर, एक जुना वाद नव्याने पेटतो: तुकोबांच्या अभंगाला गिटार आणि ड्रम लावावेत की नाही. टाळ, मृदंग आणि वीणा यांच्यापलीकडचे काही कानावर पडले की विटाळ झाल्यासारखे वागणारे लोक एका बाजूला असतात. दुसऱ्या बाजूला, त्या निमित्ताने तरी तरुण पिढी अभंग ऐकते, हा हुकमी युक्तिवाद असतो. शिकागोत राहून हा वाद दरवर्षी वाचताना मला सॅम कुक या अमेरिकी कृष्णवर्णीय गायकाची आठवण होते. हाच वाद १९५७ साली त्याच्याभोवती झडला होता, आणि त्याने त्याचे उत्तर सुरावटीत न शोधता करारनाम्यात शोधले होते.

कुकचा जन्म २२ जानेवारी १९३१ रोजी मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा. वडील धर्मोपदेशक. दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या लाखो कृष्णवर्णीय कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही १९३३ साली शिकागोला आले आणि शहराच्या दक्षिण भागातल्या ब्रॉन्झव्हिल वस्तीत स्थिरावले. (नवीन आलेल्या मराठी माणसाला 'दक्षिणेकडे फिरकू नका' असा सल्ला इथे पहिल्याच आठवड्यात मिळतो, आणि त्यामुळे ज्या वस्तीने या देशाच्या संगीताला घडवले ती आपल्यापैकी बहुतेकांनी महामार्गावरून जातानाच पाहिलेली असते.) भावंडांबरोबर चर्चमध्ये गाणारा हा मुलगा १९५० साली 'सोल स्टरर्स' या नामांकित भक्तिगायकवृंदात मुख्य गायक म्हणून दाखल झाला. आर. एच. हॅरिस यांच्यासारख्या बुजुर्ग गायकाची जागा त्याने एकोणिसाव्या वर्षी घेतली. पुढच्या काही वर्षांत चर्चमधल्या श्रोत्यांत त्याला जी लोकप्रियता लाभली, तिची कल्पना गावोगाव ज्याच्या कीर्तनाला जागा पुरत नाही अशा तरुण कीर्तनकारावरून करता येईल.

मग त्याने लौकिक गाणी गायला सुरुवात केली. पहिले गाणे त्याने 'डेल कुक' या खोट्या नावाने काढले, कारण भक्तिसंगीताचा श्रोता रागावेल ही भीती खरी होती. पण ते गाणे त्याच्याच एका भक्तिगीताचे शब्द बदलून केलेले होते आणि आवाज तर लपण्यासारखा नव्हताच. चर्चच्या वर्तुळात नाराजी पसरली. वडिलांनी मात्र, देवाने आवाज दिला तो लोकांना आनंद देण्यासाठी, अशा अर्थाचे बोलून त्याला पाठिंबा दिला असे सांगतात.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या वादात सहज बसते, आणि म्हणूनच ती इथेच थांबवण्याचा मोह होतो. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. स्पेशॅल्टी या त्याच्या कंपनीचे मालक आर्ट रूप यांना १९५७ च्या ध्वनिमुद्रणातला तो गुळगुळीत, मागे कोरस असलेला बाज पसंत पडला नाही. वाद झाला आणि निर्माता बम्प्स ब्लॅकवेल यांनी स्वतःच्या येणे असलेल्या रकमेच्या बदल्यात कुकचा करार आणि ती ध्वनिमुद्रणे घेऊन कंपनी सोडली. त्यातलेच 'यू सेंड मी' हे गाणे कीन नावाच्या नव्या कंपनीने बाजारात आणले आणि ते देशभरात पहिल्या क्रमांकावर गेले. त्या गाण्याचा रचनाकार म्हणून तबकडीवर नाव होते ते धाकट्या भावाचे, एल. सी. कुकचे; गाणे सॅमचेच होते, पण स्वतःचे नाव घातले असते तर प्रकाशनाचे हक्क, म्हणजे गाण्याच्या शब्दांवरची आणि चालीवरची मालकी, जुन्या कंपनीने मागितली असती.

पंचविशीतल्या या तरुणाला जे उमगले होते ते आपल्याकडच्या कित्येक थोर गायकांना आयुष्यभर उमगले नाही, किंवा उमगूनही साधता आले नाही. अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणे वाजले की रचनाकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, गायकाला मिळत नाहीत. आजही हीच स्थिती आहे. म्हणून कुकने जे. डब्ल्यू. अलेक्झांडर यांच्याबरोबर स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, पाठोपाठ एसएआर ही रेकॉर्ड कंपनी काढली, आणि बॉबी वोमॅक व त्याचे भाऊ, जॉनी टेलर अशा तरुण गायकांना तिच्यामार्फत पुढे आणले. त्या काळी कृष्णवर्णीय गायक कंपनीच्या दारात उभा राहून गाडी किंवा थोडी रोख रक्कम घेऊन परतत असे. हा माणूस दाराच्या आतल्या बाजूला टेबलाशी बसून हिशेब पाहत होता.

जवळपास त्याच वर्षांत मुंबईत लता मंगेशकर पार्श्वगायकांना रॉयल्टी मिळाली पाहिजे असा आग्रह धरत होत्या. मोहम्मद रफी यांना तो आग्रह मान्य नव्हता, आणि दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले. आपल्या आठवणीत हा प्रसंग दोन मोठ्या माणसांच्या रुसव्याफुगव्याची गोष्ट म्हणून राहिला आहे. वास्तविक तो मालकीचा प्रश्न होता, आणि त्यातल्या रचनाकारांपुरत्या भागाचे कायदेशीर उत्तर यायला २०१२ ची कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती उजाडावी लागली. गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क वारसांखेरीज किंवा त्यांच्या हक्कसंस्थेखेरीज कोणालाही लिहून देता येणार नाही, असे तिने ठरवले. याबाबतीत आपला कायदा इथल्या कायद्यापेक्षा उदार आहे, हे अमेरिकेचे गोडवे गाणाऱ्या आमच्या पिढीने मान्य करायला हवे.

मात्र कायदा कागदावर असणे वेगळे. वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यावस्त्यांत गायली जातात, पण रचनाकाराचे नाव किती गायक घेतात? प्रल्हाद शिंदे यांनी एकाच गळ्याने विठ्ठलाची गाणी गायली आणि भीमगीतेही गायली. त्यांना कोणत्या बाजूचा गायक म्हणायचे यावर बोलायला माणसे मिळतील, कॅसेटचा हिशेब विचारणारे मिळणार नाहीत. अभंगावर तर तुकोबांचा किंवा ज्ञानोबांचा हक्क सांगणारे कोणी नाही. पण चाल कोणाची, आवाज कोणाचा आणि ध्वनिफीत कोणाच्या नावावर, हे प्रश्न उरतातच. शुद्धतेच्या वादात या तिन्हींचा उल्लेखही होत नाही, आणि तो न होणे कोणाच्या तरी सोयीचे असते.

शुद्धतेचा निवाडा शेवटी मालकच करतो, हेही कुकच्याच बाबतीत दिसते. १२ जानेवारी १९६३ रोजी मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये, कृष्णवर्णीय श्रोत्यांसमोर, तो जसा खरखरीत, घाम गाळत गायला ते ध्वनिमुद्रण त्याच्या तेव्हाच्या आरसीए या रेकॉर्ड कंपनीने बाजूला ठेवले आणि थेट १९८५ साली प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबमधला सभ्य, गुळगुळीत कुक मात्र १९६४ सालीच बाजारात आला. कुक कसा गातो हे एका पिढीला कंपनीने ठरवून दिले.

ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या एका हॉटेलने त्याला खोली नाकारली आणि गोंधळ घातला म्हणून उलट त्यालाच अटक झाली. जानेवारी १९६४ मध्ये त्याने 'अ चेंज इज गोना कम' ध्वनिमुद्रित केले. हे गाणे पुढे नागरी हक्कांच्या चळवळीचे झाले, त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच वर्षी ११ डिसेंबरला लॉस एंजेलिसच्या एका मोटेलमध्ये व्यवस्थापिकेच्या गोळीने त्याचा मृत्यू झाला; ती स्वसंरक्षणार्थ केलेली कृती ठरवण्यात आली. तो तेहेतीस वर्षांचा होता. त्या रात्रीविषयी इथे साठ वर्षे तर्क लढवले जात आहेत, आणि आपल्याकडच्या चर्चेसारखीच ही चर्चाही मला आडबाजूची वाटते.

कारण खरी शोकांतिका हिशेबाच्या वहीत आहे. १९६३ साली ज्या अ‍ॅलन क्लाइनला त्याने आपले पैसे वसूल करून द्यायला नेमले, त्याच्याच हाती कुकच्या मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांत गाण्यांचे हक्क गेले. मालकीचे मोल ज्याला इतक्या लवकर कळले, त्याची वहीही वारसांकडे राहिली नाही.

आम्ही परदेशस्थांनी या वादात पवित्रे घेण्यापूर्वी आमच्या मंडळांचे कागद तपासावेत. गणेशोत्सवाला महाराष्ट्रातून गायक बोलावतो, कार्यक्रम तीन कॅमेऱ्यांनी टिपतो आणि दुसऱ्या दिवशी संपूर्ण मैफल यूट्यूबवर चढवतो. त्या चित्रफितीचा मालक कोण आणि तिच्यातून पैसे आले तर ते कोणाचे, याबद्दल मी पाहिलेल्या आयोजकांपैकी कोणीही गायकाशी एक ओळसुद्धा लिहून केलेली नव्हती. विमानाचे तिकीट आणि मानधन दिले की आपले काम संपले, असेच सगळे धरून चालतात. गिटार चालेल की नाही, यावर मात्र त्याच मंडळाची कार्यकारिणी रात्री उशिरापर्यंत भांडलेली असते.