डायलिसिसची ‘सवय’ लागत नाही

तीन दिवसांच्या जुलाबांनंतर माझ्या आतेभावाची लघवी जवळजवळ थांबली, तेव्हा त्याला रुग्णालयात न्यायचे सोडून आत्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या संदेशाप्रमाणे उपचार करीत होती. किडनी अचानक बंद पडली तर दिवसाला पाच लिटर पाणी आणि फळांचे रस द्या, लघवी होते आहे तोवर किडनी शाबूत समजा, कंबर दुखल्यास वेदनाशामक गोळी चालते, पण डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त गाळून घेणे, करू नका, कारण त्याची सवय लागते, असे त्यात म्हटले होते.

माणसे दगावतात ती या शेवटच्या सल्ल्यामुळे. जुनाट आजारात मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्यांना डायलिसिस सतत लागते, पण त्याचे कारण तो आजार असतो, यंत्र नव्हे. अचानक झालेल्या बिघाडात मूत्रपिंडे सावरेपर्यंत यंत्राने काम निभावून न्यायचे असते; पुष्कळांचे डायलिसिस पुढे बंद होते, काहींचे होत नाही, आणि ते मूळ इजेवर ठरते. दरम्यान रक्तात साठणारे पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते आणि बोलत्याचालत्या रुग्णाचे हृदय थांबू शकते. त्यासाठी शिरेतून दिलेले कॅल्शियम ग्लुकोनेट पोटॅशियम कमी करीत नाही, केवळ हृदयाला सांभाळून धरते. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींत ढकलतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर डायलिसिसला पर्याय नसतो. अशा रुग्णाला पोटॅशियमयुक्त रस पाजायला सांगणाऱ्याला काय म्हणावे?

पाण्याच्या सल्ल्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. जुलाब, उलट्या किंवा रक्तस्रावाने मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटला असेल, तर द्रव भरून काढणे हाच उपचार आहे, पण तो रक्तदाब आणि लघवी पाहून, मोजून करावा लागतो. मूत्रपिंडांच्या पेशींनाच इजा झाली असेल किंवा पुरुषांच्या मूत्राशयाखालील प्रोस्टेट ग्रंथीमुळे लघवीचा मार्ग अडला असेल, तर पाजलेले पाणी बाहेर पडत नाही. आतेभावाच्या घोट्यावर मोज्याच्या रबराचा खोल वळ उमटला होता आणि आडवे होताच त्याला धाप लागत होती, म्हणजे पाणी अंगातच साठत होते.

‘लघवी होते आहे ना’ हा दिलासाही फसवा आहे. केडीआयजीओ या मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढणे, सात दिवसांत दीडपट होणे, किंवा सहा तास लघवी ताशी किलोमागे अर्ध्या मिलिलिटरहून कमी होणे, यांपैकी एक गोष्टही अचानक झालेल्या बिघाडाच्या निदानाला पुरते. म्हणजे लघवी भरपूर असतानाही बिघाड असू शकतो. आणि दोन दिवसांत ०.९ वरून १.२ वर गेलेले क्रिएटिनिन अहवालात बहुधा ‘नॉर्मल’ म्हणूनच छापले जाते, म्हणून जुना अहवाल शेजारी ठेवावा.

राहिली वेदनाशामके. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या शरीर कोरडे पडलेले असताना मूत्रपिंडांचा उरलासुरला रक्तपुरवठाही आवळतात.

आतेभावाचे डायलिसिस तीनदा करावे लागले. लघवी वाढू लागल्यावर डॉक्टरांनी त्याच्या मानेतली डायलिसिसची नळी काढली आणि दर आठवड्याला क्रिएटिनिन तपासायला सांगून घरी सोडले.