बॅरिकेडचं बिल

पुण्यात रस्त्याच्या कामावर कुणी दुचाकीवरून पडलं किंवा डंपरखाली आलं की आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एका बाजूला काका आणि त्यांच्या वयाची मंडळी: ‘लोकांना शिस्तच नाही. बॅरिकेड लावलं तरी फट शोधून गाडी घालतात.’ दुसऱ्या बाजूला माझा भाऊ आणि त्याचे नऱ्हे-धायरीकडचे मित्र: ‘बॅरिकेड होतं कुठे? ठेकेदार आणि साहेब दोघंही खाऊन मोकळे.’ तासाभरानं कुणीतरी मला मध्ये ओढतं, ‘तुमच्या अमेरिकेत कसं असतं ते सांग गं.’ मी बॉल्टिमोरजवळ राहते आणि रस्त्याचं काम चालू असताना वाहतूक कुठून कशी न्यायची याचे आराखडे काढणं ही माझी नोकरी आहे, त्यामुळे विचारणं रास्तच. माझं उत्तर मात्र दोन्ही तटांच्या पचनी पडत नाही.

आधी काकांचा मुद्दा. अमेरिकन माणूस शिस्तीचा म्हणून इथला रस्ता-कामगार सुखरूप घरी जातो, असं काही नाही. 2021 साली या देशात रस्त्यांच्या कामांच्या टापूत साडेनऊशेच्या आसपास माणसं मेली, 2023 मध्ये जवळपास नऊशे. त्यातले पाचातले चार जण गाड्यांमधले, म्हणजे चालक नाहीतर प्रवासी. हेही पुण्यात कुणी विचारात घेत नाही. कामाच्या जागेची सुरक्षा म्हटलं की फक्त जॅकेट घातलेला मजूर डोळ्यांपुढे येतो.

22 मार्च 2023 ला भर दुपारी बॉल्टिमोरच्या 695 क्रमांकाच्या रिंगरोडवर दोन गाड्या ताशी शंभर मैलांच्या वर, म्हणजे 160 किलोमीटरच्या पुढच्या वेगानं चालल्या होत्या. एकमेकींना लागल्या आणि त्यातली एक काँक्रीटच्या कठड्यातल्या मोकळ्या जागेतून कामाच्या पट्ट्यात घुसली. ती जागा कामाच्या गाड्यांना ये-जा करता यावी म्हणून ठेवलेली होती. सहा कामगार जागच्या जागी गेले. पाट्या होत्या, कठडा होता, वेगमर्यादा लिहिलेली होती. आता यात शिस्त शोधायची तर कुठे शोधायची?

त्यानंतर काय झालं ते सांगण्यासारखं आहे. बॉल्टिमोर ज्या राज्यात आहे त्या मेरीलँडच्या उपगव्हर्नर अरुणा मिलर यांच्या अध्यक्षतेखाली एक गट नेमला गेला. बाई हैदराबादेत जन्मलेल्या आणि पेशानं वाहतूक अभियंता, त्यामुळे बैठका नुसत्या हळहळीत संपल्या नाहीत. इथे कामाच्या टापूत वेग पकडणारे कॅमेरे आधीपासून होते, पण कितीही वेगात सापडा, दंड सरसकट चाळीस डॉलर. दोघांच्या जेवणाचे पैसे! 2024 च्या कायद्यानं तो आधी दुप्पट केला आणि 2025 पासून वेगाप्रमाणे चढता, साठपासून पाचशे डॉलरपर्यंत. कामगार हजर असतील तर त्याच्याही दुप्पट. लोकांना शहाणं करायच्या भानगडीत फारसं कुणी पडलं नाही. माणूस वेगात येणारच, हे गृहीत धरून पुढचं ठरवलं.

माझ्या कामाचं मूळही हेच. ताशी 65 मैल वेगाच्या रस्त्यावर बारा फुटांची एक लेन बंद करायची असेल तर केशरी पिंपांची तिरकी रांग किमान 780 फूट लांब लागते, म्हणजे सुमारे 240 मीटर. सूत्र सोपं आहे, लेनची फुटांतली रुंदी गुणिले ताशी मैलांतला वेग. त्याच्या आधी लांबवर इशाऱ्याच्या केशरी पाट्या. तिरकी रांग संपल्यावर लगेच काम सुरू करायचं नाही. मध्ये रिकामी जागा ठेवायची, आणि तिथे रोलर, खडी, मोटारसायकल काहीही उभं करायचं नाही. चुकलेल्या गाडीला थांबायला ती जागा असते. (आपल्याकडे अशी जागा दिसली की आधी खडीचा ढीग येतो, मग रोलर, मग चहाची गाडी.) कामाच्या मागच्या बाजूला धक्का शोषणारी जाडजूड पेटी बसवलेला ट्रक उभा असतो. गाडी आदळली तर त्याच्यावर आदळावी, माणसांवर नाही, एवढ्यासाठीच तो तिथे असतो. आणि काम थांबलं की पाट्या झाकायच्या किंवा उचलायच्या. ‘पुढे काम चालू’ वाचून पुढे काहीच सापडलं नाही, असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी कुणी ब्रेकवर पाय ठेवत नाही. पुणे-सातारा रस्त्यावर हे रोज दिसतं. सहापदरीकरण 2010 मध्ये सुरू झालं, 2013 मध्ये संपायचं होतं. तिथली ‘तात्पुरती’ वळणं पाहत एक अख्खी पिढी शाळेतून कॉलेजात गेली.

आता कुणी म्हणेल, हे ज्ञान आपल्याकडे नाही. आहे की! रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची एसपी 55 ही पुस्तिका याच विषयावर आहे, 2014 ची सुधारित आवृत्ती. इशाऱ्याचा टप्पा, वाहतूक सरकवण्याचा टप्पा, कामाचा टप्पा, शेवटचा टप्पा, सगळं आकृत्यांसकट दिलेलं आहे. माझ्या टेबलावरच्या अमेरिकन नियमावलीतल्या आकृत्या शेजारी ठेवल्या तर मांडणी तीच.

मग भावाचा मुद्दा खरा का, की पैसे खाल्ले? अर्धाच खरा. खाणारे खातात, पण न खाणाऱ्या ठेकेदारानंही बॅरिकेड का लावावं, याचं उत्तर आपल्या करारात सापडत नाही. केंद्रीय रस्ते मंत्रालयाचं स्पेसिफिकेशन्सचं जाडजूड पुस्तक आहे, साइटवर त्याला ऑरेंज बुक म्हणतात. 2013 च्या आवृत्तीतलं कलम 112 काम चालू असतानाच्या वाहतुकीचं. वळणरस्ता बांधला तर त्याचे मीटरप्रमाणे पैसे मिळतात. पण चालू रस्त्यावर वाहतूक सांभाळायची बाकी सगळी व्यवस्था कामाबरोबर ओघानं येणारी आणि ठेकेदाराची जबाबदारी मानलेली आहे. म्हणजे तिचा खर्च त्यानं डांबर-खडीच्या दरात कुठेतरी धरून घ्यायचा.

सगळ्यात कमी दराच्या निविदेला काम जाणार असेल तर हा खर्च कोण धरेल? जो प्रामाणिकपणे शंभर ब्लिंकर म्हणजे लुकलुकते दिवे, दोन पाळ्यांचे झेंडेवाले आणि रात्रीचा मुकादम धरेल, त्याची निविदा वर जाईल आणि काम दुसऱ्याला मिळेल. ज्याला मिळालं त्याच्या दृष्टीनं न लावलेलं प्रत्येक बॅरिकेड हा निव्वळ नफा. मग साइटवर जे फुकट मिळतं ते येतं: मुरमाच्या गोण्या, चुन्यानं रंगवलेले दगड, डांबराचं रिकामं पिंप, झाडाची फांदी, आणि उरलेल्या रेडियमची एक तिरकी पट्टी.

अमेरिकेच्या केंद्र सरकारनं 2007 च्या नियमात नेमकं याच्या उलट लिहून ठेवलंय. केंद्राचा पैसा लागलेल्या महामार्गावर कामाच्या वेळच्या वाहतूक व्यवस्थेचा मोबदला दुसऱ्या कामाच्या दरात दडवायचा नाही, त्याला करारात वेगळी तरतूद हवी. म्हणून माझ्या आराखड्याबरोबर एक तक्ता जातो. पाट्या इतक्या चौरस फूट, पिंपं इतकी, बाणाचा दिव्यांचा फलक इतके दिवस, धक्का शोषणारा ट्रक इतके दिवस. लावलं तर पैसे, नाही तर नाही. रात्रपाळीचा इन्स्पेक्टर पिंपं मोजतो ती सदाचारासाठी नाही, सकाळी बिलावर सही करायची असते म्हणून. ठेकेदारही हसतमुखानं लावतो, कारण त्याला त्यात दोन पैसे सुटतात. पुण्याच्या चर्चेत मला हीच एक गोष्ट घुसवायची आहे. शिस्त आणि भ्रष्टाचार यांवर आपण वर्षानुवर्षं बोलतोय. निविदेतल्या या ओळीवर कुणी बोलत नाही.

मात्र इथला तक्ता उचलून कात्रजला लावा, असं मी म्हणणार नाही. अमेरिकन पुस्तक चारचाकीसाठी लिहिलेलं आहे. पुण्यात फटका बसतो तो दुचाकीला. जुन्या थरावर नवा थर टाकताना मध्ये जी धार राहते ती मोटारीला जाणवतही नाही. ॲक्टिव्हा तिला तिरकी चढली की सरळ आडवी होते. खरवडलेल्या रस्त्यावरची बारीक कच तशीच. कात्रज-कोंढवा रस्त्यानं ज्यांनी वर्षानुवर्षं ये-जा केली त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. दुसरं, पत्र्याचे उंच बॅरिकेड. मेट्रोच्या कामात गणेशखिंड रस्त्यावर ते लागले, आत काम नीट झाकलं गेलं, पण चौकाच्या तोंडाशी उंच पत्रा आला की पलीकडून येणारी बस दिसत नाही आणि बसवाल्याला पायी येणारी बाई दिसत नाही. पायी चालणाऱ्याची वाट तर आराखड्यातून सगळ्यात आधी गळते. इथे फुटपाथ बंद केला तर चाकाच्या खुर्चीलाही जाता येईल असा पर्यायी मार्ग आखून द्यावा लागतो. आपल्याकडे माणूस पत्र्याला पाठ घासत डंपरच्या बाजूनं जातो.

आणि हे आपल्याला जमत नाही, यावर माझा विश्वास नाही. 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री चांदणी चौकातला जुना पूल पाडला तेव्हा महामार्ग बंद केला, वाहतूक वळवली, कुठून जायचं ते आधी जाहीर केलं, आजूबाजूचा परिसर मोकळा केला. पूल एका दणक्यात पुरता पडला नाही, उरलेला पोकलेनांनी उतरवला आणि त्यावर पुणेरी विनोद झाले ते झालेच. पण कुणाला खरचटलं नाही. आषाढीच्या आधी दरवर्षी पालखी मार्गाची पाहणी होते, राडारोडा उचलला जातो, चालू कामांना आवर घातला जातो. जिल्हाधिकारी जातीनं उभे असले की सगळं होतं. प्रश्न उरतो तो एखाद्या मंगळवारी रात्री दीड वाजता धायरी फाट्याच्या पुढे, जिथे साइट इंजिनिअर घरी गेलेला असतो आणि ब्लिंकरची बॅटरी संध्याकाळीच संपलेली असते.

मजुरांबद्दल ग्रुपवर फारसं कुणी बोलत नाही, माझ्या भावासकट. 2023 मध्ये 31 जुलै आणि 1 ऑगस्टच्या मधल्या रात्री समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ गर्डर टाकणारं यंत्र कोसळलं आणि वीस जण गेले, बरेचसे परप्रांतातून आलेले. 2024 च्या डिसेंबरात वाघोलीत फुटपाथवर झोपलेल्यांवर डंपर चढला. अमरावतीकडून कामाच्या शोधात आलेली कुटुंबं ती. तिघं गेले, त्यातली दोन लहान मुलं. मजुरानं रात्री कुठे झोपायचं, ही ओळही कुठल्या तक्त्यात असते? इथेही चित्र फार वेगळं नाही. 26 मार्च 2024 ला मध्यरात्रीनंतर बॉल्टिमोरचा ‘फ्रान्सिस स्कॉट की’ पूल जहाजाच्या धडकेनं पडला. त्यावर खड्डे बुजवणारे सहा जण गेले, सगळे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले. पोलिसांनी पुलावरची वाहतूक अक्षरशः वेळेवर अडवली, गाड्या वाचल्या. निरोप कामगारांपर्यंत पोचायच्या आत पूल पाण्यात होता.

कायद्याचं म्हणाल तर तो अगदीच नाही असं नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं 198अ हे कलम आलं. रस्त्याचा आराखडा, बांधणी किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठेकेदार, सल्लागार आणि संबंधित यंत्रणा यांना दंड, जास्तीत जास्त एक लाख रुपये. शेकडो कोटींच्या कामात एक लाख म्हणजे मेरीलँडच्या जुन्या चाळीस डॉलरांचाच भाऊ. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2025 मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि ती जबाबदार असलेल्यांकडून वसूल करायला सांगितलं. हे पाऊल मोठं आहे. पण ही सगळी किंमत माणूस मेल्यावरची.

निविदेत बॅरिकेड-ब्लिंकरची वेगळी ओळ केली की खोटी बिलं लागतील, असा आक्षेप भावानं लगेच घेतला, आणि तो खरा आहे. नसलेल्या ब्लिंकरचे पैसे निघतील. पण आज नसलेल्या ब्लिंकरचा हिशोब मागायला कागदच नाही. निविदेत तक्ता असेल, रात्रीगणिक दर असेल, न लावल्यास कापायची रक्कम असेल आणि तो तक्ता कामाच्या फलकावर ठेकेदाराच्या नावाखाली मराठीत छापलेला असेल, तर नऱ्ह्यातल्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा बारा ब्लिंकर आहेत की सात ते मोजून फोटो टाकू शकतो. त्या फोटोवर बिल अडवायचं की नाही हे पुन्हा साहेबाच्याच हातात राहील, हे मला मान्य आहे. तिथे भावाची लढाई सुरू होते, आणि तिला निदान दाखवायला एक आकडा तरी मिळेल.