विश्वास वाढवायचा म्हणून गोळ्या बंद करायला बायबलच्या कुठल्या वचनात सांगितलंय?

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा मेसेज आला, "ताई हे वाच, मी सगळं सुरू केलंय." तिचा बाप्तिस्मा होऊन जेमतेम तीन महिने झालेत. खाली तो फॉरवर्ड होता, "नवीन विश्वासणाऱ्याने ४० दिवसांत आत्म्यात बलवान कसं व्हावं", सात नियम, आणि प्रत्येक नियमाला एकेक वचन चिकटवलेलं. हाच मेसेज मला आधी तीन ग्रुपवर आला होता आणि मी न वाचताच सोडून दिला होता, त्याचं आता फार वाईट वाटतंय. कारण "सगळं" म्हणजे त्यात तिसरा नियम पण आला, आणि तिसरा नियम सांगतो की खरा विश्वास असलेला माणूस गोळ्या घेत नाही, गोळी घेणं म्हणजे प्रभूच्या जखमांवर अविश्वास दाखवणं.

माझ्या बहिणीला लहानपणापासून फिट येतात.

मी तडक तिच्याकडे गेले. गोळ्यांचं पाकीट ड्रॉवरमध्ये बायबलखाली होतं. पाकिटावर ती स्वतः पेनाने वार लिहून ठेवते, चुकू नये म्हणून. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, चारही गोळ्या जागच्या जागी.

म्हणून आधी तिसऱ्या नियमाबद्दलच लिहिते, बाकीचे नंतर बघू.

मेसेजमध्ये त्याला वचन लावलंय यशया ५३:५, त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य मिळालं. आता येशूचा शिष्य पेत्र हेच वचन आपल्या पहिल्या पत्रात घेतो, २:२४ उघडून बघा, तिथे तो पापाला मरून नीतिमत्त्वासाठी जगण्याबद्दल बोलतोय, औषधांचा विषयच नाही. मत्तय मात्र आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, ८:१७ मध्ये यशयाचा आदला भाग शरीराच्या आजारांनाच लावतो, तेव्हा यशयाच्या या अध्यायाचा बरं होण्याशी काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही. प्रभू बरं करतो, मी स्वतः आजाऱ्यांसाठी प्रार्थना करते आणि करत राहणार. पण "प्रभू बरं करतो" यावरून "म्हणून गोळी टाकून दे" हे कुठून आलं? यशयाच्याच पुस्तकात, ३८:२१ मध्ये, हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगितलंय, आणि हे कधी, तर देवाने त्याला आणखी १५ वर्षं आयुष्य देण्याचं वचन दिल्यावर!

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १ तीमथ्य ५:२३. प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला लिहितो की नुसतं पाणी पीत राहू नकोस, पोटासाठी आणि तुझ्या वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे. कोण लिहितोय बघा. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर ठेवले तर ते बरे व्हायचे (प्रेषितांची कृत्ये १९:१२) तो पौल. आणि कोणाला लिहितोय, तर ज्याला याच पत्राच्या सुरुवातीला तो विश्वासातलं माझं खरं लेकरू म्हणतो त्याला. तो असं म्हणत नाही की तीमथ्या तुझा विश्वास कमी पडतोय, तुझ्या आयुष्यात काहीतरी लपलेलं पाप आहे, ४० दिवस उपास कर. साधा घरगुती उपाय सांगतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. वारंवार आजारी पडणारा माणूस मंडळीचा (चर्चचा) पुढारी होता आणि त्यात कोणाला काही विचित्र वाटलं नाही. त्रफिम या आपल्या सोबत्यालाही पौल मिलेत शहरात आजारी सोडून पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०). हा नियम लिहिणाऱ्याने तीमथ्याला काय सांगितलं असतं?

बहिणीला अजून एक गोष्ट खात होती, तिला कोणीतरी सांगितलं होतं की फिट म्हणजे दुष्ट आत्माच. शुभवर्तमानात एका मुलाच्या बाबतीत दोन्ही एकत्र आलंय, खरं आहे. पण मत्तय ४:२४ मध्ये येशूकडे आणलेल्यांची यादी आहे, तिथे भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी (फिट येणारे) वेगळे लिहिलेत. मत्तयाला फरक कळत होता.

आणि हे धार्मिक बोलणं बाजूला ठेवून सांगते, फिटच्या गोळ्या अचानक बंद केल्या की फिट परत यायचा धोका वाढतो, कधीकधी आलेली फिट थांबतच नाही, पाच मिनिटांच्या वर गेली तर ती इमर्जन्सी असते, जीवावर बेतू शकतं. ज्यांनी असं काही वाचून गोळ्या थांबवल्यात त्यांनी आजच डॉक्टरला फोन करा, आणि राहिलेल्या गोळ्या एकदम भरून काढायला आपल्या मनाने डबल घेऊ नका.

दुसरा नियम, शंका आली की ते पाप, कोणाला बोलून दाखवू नका. मग त्याच आजारी मुलाच्या बापाचं काय करायचं? तो येशूला तोंडावर म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका (मार्क ९:२४). येशूने त्याला हाकललं नाही, मुलगा बरा केला. नवीन माणसाला प्रश्न पडणारच, आणि ते विचारायचेच नाहीत असं त्याला पहिल्याच महिन्यात शिकवलं तर तो मंडळीत येऊन गप्प बसायलाच शिकेल.

चौथ्या नियमाचा मला तितकाच राग आलाय, विश्वास न ठेवणाऱ्या घरच्यांशी संबंध कमी करा. माझी मावशी विश्वासणारी नाही. रोज रात्री नऊला पाण्याचा ग्लास घेऊन मुलीला गोळीची आठवण करते ती हीच बाई, आणि या नियमामुळे त्या चार दिवसांत बहीण तिच्याशी धड बोलतही नव्हती. विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड होऊन जोडले जाऊ नका हे वचन दिलंय (२ करिंथ ६:१४), पण हाच पौल याच मंडळीला आधीच्या पत्रात लिहितो की जोडीदार विश्वास ठेवणारा नसला आणि एकत्र राहायला तयार असला तर त्याला सोडू नका. आणि ज्याच्यातून येशूने भूतं काढली तो माणूस त्याच्याबरोबर जायला निघाला होता, त्याला येशू म्हणाला घरी जा, आपल्या माणसांकडे (मार्क ५:१९). नव्या विश्वासणाऱ्याला मिळालेली पहिली आज्ञा घरी जायची होती.

पाचवा, अन्य भाषा (प्रार्थनेत आत्म्याने दिलेली, न शिकलेली भाषा) बोलला नाहीत तर पवित्र आत्मा मिळालाच नाही. १ करिंथ १२:३० वाचा, पौलच विचारतो सगळेच अन्य भाषा बोलतात काय, उत्तर उघड आहे.

सहावा, दशमांश (कमाईचा दहावा भाग) नाही दिला तर शाप. द्यावं, जरूर द्यावं, पण २ करिंथ ९:७ म्हणतं दुःखी मनाने नाही, भाग पडतं म्हणून नाही. घाबरवून घेतलेले पैसे याच्यात बसत नाहीत.

सातवा, डोळे मिटून बायबल उघडा, बोट पडेल तो आजचा संदेश. कोणाचं चार पानी पत्र आलं तर आपण मधलीच एक ओळ वाचून ठेवून देतो का? पौलाची पत्रं मंडळीत सगळ्यांना वाचून दाखवायची होती, त्याने तसं लिहूनच ठेवलंय (१ थेस्सल ५:२७). नव्या करारात आत्ताचे वचनांचे नंबर १५५१ मध्ये एका छापखानेवाल्याने घातले, तोपर्यंत बोट ठेवायला नंबरच नव्हता.

राहिला पहिला, पहाटे चारला उठून प्रार्थना. यात अर्धं खरं आहे हे मान्य करावं लागेल. रोजची ठरलेली वेळ नसेल तर वाचन राहून जातं हे मी माझ्यावरूनच सांगते, आणि येशूही अंधार असतानाच उठून प्रार्थनेला गेला होता. पण तो रात्रभरही प्रार्थना करायचा, दानीएल दिवसातून तीनदा करायचा, चार वाजताचा नियम कुठेच नाही. आणि फिट येणाऱ्या माणसाची झोप मोडली की फिटला आमंत्रणच. माझी बहीण अकराला झोपून चारला उठत होती, तेही गोळ्यांशिवाय.

आणि ४० दिवसांत बलवान व्हायची घाई कशाला? स्वतः पौल प्रभूकडे वळल्यावर यरुशलेमेत पेत्राला भेटायला गेला तो तीन वर्षांनी (गलती १:१८).

डॉक्टरांशी बोलून गोळ्या परत सुरू झाल्यात. आता आम्ही दोघी फोनवर मार्कचं शुभवर्तमान वाचतो, पहिल्यापासून, रोज एक अध्याय, सोळाच आहेत. वेळ रात्री नऊची ठेवलीय, मावशी पाणी घेऊन येते तेव्हाची. काल ती तिथेच बसून ऐकत होती.