जिवंत माशाचा शिळा डोळा

ज्या माणसाने आयुष्यभर मासे खाल्ले त्याला ते पकडताही येत असणार, असा एक गैरसमज माझ्या सासुरवाडीत घट्ट रुजलेला आहे. माझे गाव मालवणजवळ. सासुरवाडी पुण्याची, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, आणि त्या घराण्यातली जी शाखा अमेरिकेत येऊन मासे खाऊ लागली तीही फक्त काटा आणि डोके नसलेले. त्यामुळे मिनीआपोलिसच्या आमच्या साडूंनी जूनमध्ये रेनी लेकवर चार दिवसांसाठी हाऊसबोट भाड्याने घेतली, तेव्हा मासेमारीचे खाते एकमताने माझ्याकडे आले. मासळीबाजारात घासाघीस करण्यापलीकडे माझा माशांशी संबंध नाही, हे मी त्याच क्षणी सांगायला हवे होते. परंतु मेहुणीने "भावोजी आहेत, मग काळजीच नाही," असे म्हटल्यावर खरे बोलण्याचे धैर्य मला झाले नाही.

रेनी लेक हे मिनेसोटाच्या अगदी उत्तर टोकाला, अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर पसरलेले 900 चौरस किलोमीटरहून मोठे सरोवर आहे. त्याचा अमेरिकेकडील बराचसा भाग 1975 साली स्थापन झालेल्या व्हॉयजर्स राष्ट्रीय उद्यानात येतो. बीव्हरची कातडी वाहून नेण्यासाठी बर्चच्या सालीच्या होड्या वल्हवत या पाण्यातून जाणाऱ्या फ्रेंच-कॅनेडियन नावाड्यांचे नाव या उद्यानाला दिलेले आहे. आमच्या होडीवर मात्र फ्रीज, गॅसची शेगडी, दोन खोल्या आणि छतावरून पाण्यात उतरणारी घसरगुंडी होती. तरीही ते नावाडी आमच्यापेक्षा सुखी असावेत, कारण त्यांची होडी वळवली की वळत असे. हाऊसबोटीचे चाक फिरवल्यावर प्रथम काहीच होत नाही. म्हणून आपण ते आणखी फिरवतो, आणि मग दोन्ही वेळचे वळण ती एकदम घेते. त्यात वारा आला की ते सबंध घर भिंतीवर वारा झेलत आडवे सरकू लागते. पहिल्या संध्याकाळी एका बेटाच्या वाळूला नाक लावून, चारी दोर झाडांना बांधून होईपर्यंत साडू मला "तुम्ही" वरून "अरे" वर आले होते, आणि माझ्या फोनवर कॅनडात स्वागत असल्याचा संदेश येऊन थडकला होता.

आमिषाचा विषय वेगळाच. इथल्या वॉलाय नावाच्या माशाला उन्हाळ्याच्या सुरुवातीला जळवा आवडतात, असे दुकानदाराने सांगितले आणि डझनावारी मोजून एका पांढऱ्या डब्यात दिल्या. आंबोलीच्या पावसात ज्या जळवा आम्ही पोटऱ्यांवरून मीठ लावून फुकट काढून टाकत असू, त्या मी डॉलर मोजून घेत होतो. त्यांना थंडावा लागतो, म्हणून तो डबा फ्रीजमध्ये ठेवावा लागला. आणि फ्रीजमधला दुसरा पांढरा डबा मेहुणीने घरून आणलेल्या श्रीखंडाचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी काय झाले ते मी लिहीत नाही. एवढेच सांगतो, की श्रीखंड वाया गेले नाही, पण ते खायला मी एकटाच उरलो.

वॉलायच्या डोळ्याच्या मागे मांजरासारखा चकाकणारा पडदा असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडात उत्तम दिसते आणि तो दिवस मावळताना किंवा उजाडण्यापूर्वी भक्ष्य शोधतो. याचा व्यवहारी अर्थ असा, की माणसाने पहाटे साडेचारला उठून, हाऊसबोटीमागे बांधून आणलेल्या लहान होडीत बसून, डासांना आपले रक्त आणि गळाला जळू अर्पण करत थंडीत कुडकुडावे. दोन पहाटा अशा गेल्या. साडूंना पाइक नावाचा एक दातेरी मासा मिळाला, ज्याने दातांनी दोरी तोडून गळासकट रजा घेतली. मला तळाचे दगड मिळाले.

तिसऱ्या पहाटे माझी काठी वाकली. दगड समजून मी दोन शिव्या दिल्या, तेव्हा दगड चालू लागला. पाच मिनिटांनी साडूंच्या जाळीत सोनेरी-हिरवट अंगाचा, 20 इंचांचा वॉलाय तडफडत होता, आणि मी सवयीने खाली वाकून त्याचा डोळा पाहिला. तो पांढुरका होता! बाजारात असा डोळा दिसला की आम्ही टोपलीसमोरून पुढे जातो. "शिळा आहे," असे माझ्या तोंडून निघून गेले, आणि त्याच वेळी त्या शिळ्या माशाने शेपटीचा एक तडाखा माझ्या चष्म्यावर मारला. जन्मतःच तसा डोळा घेऊन येणाऱ्या माशापुढे माझी चाळीस वर्षांची परीक्षा नापास झाली.

अपमान तेवढ्यावर संपला नाही. साडूंनी मोजपट्टी काढली आणि नियम वाचून दाखवला. या सरोवरात लहान वॉलाय ठेवता येतो, पण मधल्या मापाचा सोडून द्यावाच लागतो, कारण अंडी घालणाऱ्या बऱ्याचशा माद्या त्याच मापाच्या असतात. नियम रास्त आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु फार लहान घेऊ नये, फार मोठा राठ असतो, मधला घ्यावा, हे तर मला आईने शिकवलेले. एक फोटो काढून मी ती मादी दोन्ही हातांनी पाण्यात धरली. ती क्षणभर थांबली, आणि मग तळहातातून निसटून काळ्या पाण्यात दिसेनाशी झाली.

त्यानंतर तासाभरात बाराबारा इंचांचे तीन मिळाले. साडूंनी त्यांच्या बिनकाट्याच्या पट्ट्या सफाईने काढल्या. डोकी मी हट्टाने मागून घेतली आणि घरून आणलेले तिरफळ घालून कालवण करायला घेतले. मिरची तेलात पडताच छतावरची धुराची घंटा अशी बोंबलू लागली, की शेजारच्या बेटावरून एक होडी मदतीला निघाली. त्या होडीतल्या दोघांनाही मग भात वाढला. रवा लावून तळलेल्या पट्ट्या त्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या. कालवणातून त्यांच्याकडे पाहणाऱ्या पांढऱ्या डोळ्याला मात्र दोघांनीही नम्रपणे नकार दिला.

परतल्यावर मालवणला व्हिडिओ कॉल लावून मी आईला त्या मोठ्या माशाचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला.

"ह्येचा काय केलंस?"

सोडून दिला, असे मी सांगितले. पलीकडे काही क्षण नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुका बरा आसा मा?"