जुन्या कोल्हापूरच्या आठवणींत आमच्या आया कुठं आहेत?

गेले काही दिवस सगळ्या ग्रुपवर जुन्या कोल्हापूरचे फोटो फिरतायत. मोकळा बिंदू चौक, भवानी मंडपाजवळचे टांगे, गंगावेशीत म्हशी आणि त्यांच्याभोवती हातात ग्लास घेऊन उभी असलेली माणसं, खासबागेच्या कुस्ती मैदानातली तोबा गर्दी. खाली कमेंट ठरलेल्या. 'गेलं ते कोल्हापूर', 'आता ती मजा नाही'. मलाही हे फोटो बघून भरून येतं, माझा जन्म शिवाजी पेठेतला आहे. पण एकदा ते फोटो नीट बघा. जवळजवळ कशातच बाई नाही.

दूध कट्ट्याचंच घ्या. आमचे अण्णा आणि काका रात्री जेवणं झाली की गंगावेशीत जायचे. डोळ्यांदेखत म्हैस पिळायची, फेसाळलेलं धारोष्ण दूध उभ्या उभ्या प्यायचं आणि मग तासभर गप्पा. कुठल्या तालमीत कोण तयार होतोय, कुणाच्या म्हशीला काय भाव आला, सगळ्या गावाची खबर तिथं. घरी येऊन ते सांगायचे आणि आम्ही बहिणी अंथरुणात पडून ऐकायचो. मी स्वतः तिथलं दूध प्यायले ते लग्नानंतर, नवऱ्याबरोबर गेले तेव्हा.

खासबागेची गोष्टही तीच. शाहू महाराज 1902 मध्ये विलायतेला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोममधलं जुनं मैदान पाहिलं आणि 1912 मध्ये आपल्या शहरात कुस्तीसाठी तसं मैदान उभं केलं. कुठंही बसा, आखाडा समोर दिसतो. गरिबातल्या गरीब माणसालाही कुस्ती नीट दिसली पाहिजे, हा विचार करणारा राजा आपल्याला मिळाला याचा मला फार अभिमान आहे. पण त्या मैदानापासून चालत पाच-दहा मिनिटांवर राहून माझ्या आईनं ते आतून कधी पाहिलं नाही.

मग आई कुठं असायची?

ती धुण्याच्या चावीवर असायची. नव्या पोरांना हे नावसुद्धा माहीत नसेल. रंकाळा तलावाच्या पाण्यावर चालणारी ती कपडे धुण्याची जागा. सकाळी डोक्यावर बोचकं घेऊन निघताना आई शेजारच्या काकूंना हाळी द्यायची, "चाललो बघ मी चावीवर, येतीस काय?" वाकळा, सतरंज्या, बाळंतिणीचे कपडे, सगळं तिथंच. दगडावर आपटायचं, पिळायचं, पलीकडं वाळत घालायचं आणि वाळेपर्यंत बोलत बसायचं. कुणाच्या सासूनं काय केलं, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, कुणाच्या अंगावर मारल्याचे वळ आहेत, हे सगळं तिथं कळायचं. एका शेजारणीला नवरा मारायचा. पेठेतल्या बायकांनी मिळून त्याच्या घरी जाऊन त्याला दम दिला होता, आणि ते ठरलं होतं चावीवरच.

दुसरी जागा डंकाची, म्हणजे मिरची-मसाला कुटून देणाऱ्या यंत्राची. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची म्हणजे घरात आठवडाभर धांदल. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणायची, देठं काढायची, गच्चीवर वाळवायची. कांदा उन्हात सुकवून तळायचा, खोबरं भाजायचं, लसूण सोलून सोलून बोटं चुरचुरायची. मग डबे घेऊन डंकावर नंबर लावायचा. नंबर रात्री दहालासुद्धा यायचा. तोंडाला पदर बांधून बायका ओळीनं बसलेल्या, डंकांचा धाडधाड आवाज, सगळ्यांना शिंका, डोळ्यांतून पाणी आणि तरी हसणं चाललेलं. आपली चटणी कुटून होईपर्यंत आई तिथून उठायची नाही. मिरची बदलली जाईल ही भीती होतीच, पण तिला तिथं बसायला आवडायचं म्हणून ती बसायची. घरी एवढ्या मोठ्यानं हसताना मी तिला कधी पाहिलं नाही.

घरोघरी वॉशिंग मशीन आली, चटणी पाकिटात मिळायला लागली. चांगलंच झालं. आईची कंबर शेवटपर्यंत दुखत राहिली, ते दिवस तसेच परत यावेत असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण कामाबरोबर घराबाहेर बसायचं निमित्तही गेलं. पुरुषांचे कट्टे राहिले, तालमी राहिल्या, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या संघांची फुटबॉल मॅच असली की आजही निम्मं गाव लोटतं. बायकांना गेलेल्या जागांच्या बदल्यात काय मिळालं? टीव्ही.

'कोल्हापूर बिघडलं' म्हणताना काही जण पोरींचे कपडे आणि गाड्या मोजायला लागतात, त्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे. याच शहरातली तेजस्विनी सावंत 2010 मध्ये नेमबाजीत जगज्जेती झाली. राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. आमच्या आयांच्या काळात पेठेतल्या पोरीला शाळेतून घरी यायला दहा मिनिटं उशीर झाला तर चौकशी बसायची. पोरींच्या बाबतीत आजचं कोल्हापूर जुन्यापेक्षा चांगलं आहे आणि ते तसंच पुढं जावं.

बिघडलंय ते पाणी. रंकाळ्याच्या काठावर नाक धरायची वेळ आपण आणली. सांडपाणी आत सोडलं, जलपर्णीनं तळं झाकून गेलं, तरी वर्षानुवर्षं निधीच्या नुसत्या बातम्या वाचल्या. जयंती ही एकेकाळी नदी होती, आज सगळे तिला नाला म्हणतात. पंचगंगेची तर पूररेषा कागदावर आहे आणि इमारती तिच्या आत आहेत. 2005, 2019, 2021, तिन्ही वेळा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोक्याची पातळी, 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. पाऊस अफाट होता हे खरं, पण पाणी पसरायच्या जागा आपणच भरून टाकल्या हेही खरं. माझी मावसबहीण शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत राहते. पाणी उतरल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा पिठाच्या डब्यात चिखल होता आणि लग्नातला शालू भिंतीला चिकटून वाळला होता. घर खराट्यानं, मग फडक्यानं, मग पुन्हा खराट्यानं आम्ही बायकांनीच धुतलं. पुराचे फोटो टाकताना लोक होड्या आणि जवान दाखवतात. नंतरचे पंधरा दिवस कुणी दाखवत नाही.

एक जागा मात्र अशी होती जिथं आई निव्वळ स्वतःच्या आनंदासाठी जायची. केशवराव भोसले नाट्यगृह. वर्षातून एखाद-दुसरं नाटक, दुपारचा प्रयोग, शेजारच्या चौघीजणी मिळून. ठेवणीतली साडी, डोक्यात अबोली, आणि परत आल्यावर दोन दिवस त्यातले संवाद. 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेली ही वास्तू 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाली, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. सकाळी मी तिथं गेले. कलाकार रडत होते, कॅमेरे त्यांच्याकडं होते. त्यांच्यामागं, रस्त्याच्या कडेला माझ्या आईच्या वयाच्या कितीतरी बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या.

नाट्यगृह पुन्हा उभं करायचं काम हाती घेतलं गेलंय. होतं तसंच बांधा ही मागणी सगळेच करतायत, माझीही आहे. पण माझ्या अजून काही मागण्या आहेत. दुपारच्या प्रयोगांना तारखा राखून ठेवा आणि त्यांचं तिकीट शंभर रुपयांच्या आत ठेवा. बायकांची स्वच्छतागृहं पुरेशी आणि रोज धुतलेली असू द्यात, महाद्वार रोडवर खरेदीला आलेल्या बायकांचे होतात तसे हाल इथं नकोत. आणि प्रयोग सुटायच्या वेळेला पेठांकडं आणि राजारामपुरीकडं जाणारी केएमटीची सिटी बस दारात असू द्या. एवढं केलंत तर दुपारचं नाट्यगृह बायका भरून दाखवतील.