रात्री ११:५९ चं बीजगणित

आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. दहावीच्या पोराला बीजगणिताचा सिलॅबस विचारा, एका दमात सांगेल: दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. झालं. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेल्या स्थानिक कॉलेजात, ‘ऑनलाइन कॉलेज अल्जिब्रा’ला नाव घातलं की हातात जो सिलॅबस पडतो तो बारा-चौदा पानांचा असतो आणि धडे त्यात शेवटी कुठेतरी अंग चोरून बसलेले असतात. आधीची सगळी पानं कलमांची. जुन्या काळी दानपत्राच्या शिळेवर शेवटी गधेगळ कोरायचे, म्हणजे हे दान जो मोडेल त्याच्या वाट्याला काय येईल ते गाढवाच्या चित्रासकट सांगून ठेवायचे. आमच्या सिलॅबसात गाढव नाही, बाकी सगळं आहे.

मी हा कोर्स शिकवते, तेव्हा ही कलमं लिहिणाऱ्यांपैकीच मी एक. आमचं दुःख असं की आम्हाला शिकवायचं असतं लॉगॅरिदम आणि दिवस जातो ‘मला पान सापडत नाही’ याला उत्तर देण्यात. गणित अवघड म्हणून नापास झालेले तसे थोडेच. बाकीचे घड्याळात, कंसात आणि पीडीएफमध्ये अडकतात.

घड्याळापासून सुरू करू. तीन क्रेडिटचा कोर्स म्हणजे १६ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला तीन तास ‘वर्ग’ आणि प्रत्येक तासामागे घरी दोन तास, म्हणजे नऊ. एकूण १४४. हाच कोर्स उन्हाळ्यात आठ आठवड्यांत घेतला तर १४४ तास कमी होत नाहीत, आठवडे कमी होतात, आणि आठवड्याचा आकडा १८ वर जातो. हे भागाकाराचं गणित सिलॅबसच्या पहिल्या पानावर सोडवून दिलेलं असतं. तरी ‘ऑनलाइन आहे म्हणजे आपल्या सवडीने’ ही समजूत काही जात नाही. ऑनलाइनमध्ये वेळेचं वेळापत्रक सैल असतं, तारखांचं नसतं. दर रविवारी गृहपाठ, प्रश्नमंजूषा आणि चर्चा, तिन्ही बंद होतात.

पहिला आठवडा तर सापळाच. लॉगिन केलं म्हणजे हजेरी लागली असं वाटतं, पण सरकारी आर्थिक मदतीच्या नियमांत नुसतं लॉगिन हजेरी धरत नाहीत. काहीतरी अभ्यासाचं काम जमा करावं लागतं. देवळाबाहेरून कळसाला नमस्कार चालतो, इथे गाभाऱ्यापर्यंत जावंच लागतं. म्हणून आम्ही ‘सिलॅबस क्विझ’ ठेवतो: दहा प्रश्न, हवे तितके प्रयत्न, पण दहापैकी दहा मिळेपर्यंत पहिला धडा उघडत नाही. लोक ती सहाव्या-सातव्या प्रयत्नात पार करतात, म्हणजे पर्याय बदलत बदलत. सिलॅबस उघडून बघावा हा पर्याय चारांत दिलेला नसतो ना.

आता ११:५९. मध्यरात्रीचे बारा का नाहीत? कारण ‘रविवारी रात्री बारा’ म्हणजे रविवार सुरू होतानाचे की संपतानाचे, यावर दर सत्रात निम्मा वर्ग एका बाजूला आणि निम्मा दुसऱ्या बाजूला असतो. एक मिनिट अलीकडे आणलं की वाद संपतो. निदान अमेरिकेत संपतो. सुट्टीत पुण्याला आलेल्या विद्यार्थ्यासाठी पूर्व किनाऱ्याचे रविवारचे ११:५९ म्हणजे भारतात सोमवारी सकाळी ९:२९. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि तेच १०:२९ होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा ९:२९. हा आयता मिळालेला तास मार्चमध्ये काढून घेतला जातो, तेव्हा त्याच्या भरवशावर चहा पीत बसलेले गाफील सापडतात.

उशिरा दिलेल्या कामाचं कलम लिहिणं हे तर स्वतंत्र शास्त्र आहे. ‘दर दिवशी १० टक्के कपात’ असं साधं वाक्य लिहून पाहा. मूळ गुणांच्या दहा टक्के धरले तर ती सरळ रेषा, दहाव्या दिवशी शून्य. पण उरलेल्या गुणांच्या दहा टक्के धरले तर तो घातांकी ऱ्हास. दहा दिवसांनीही ०.९ चा दहावा घात म्हणजे ३५ टक्क्यांच्या आसपास हाताशी उरतात आणि शून्य कधीच येत नाही. घातांकाचा धडा झाल्यावर एखादा विद्यार्थी हा मुद्दा घेऊन भांडायला येतो. तो ज्या दिवशी येतो त्या दिवशी मला कलम दुरुस्त करावं लागतं आणि कोर्स यशस्वी झाला असंही मानावं लागतं.

उत्तराच्या चौकटीत घडणारं नाट्य जरा जवळून बघण्यासारखं आहे. गृहपाठ तपासतो तो संगणक आणि प्रत्येकाला आकडे वेगळे मिळतात, त्यामुळे शेजाऱ्याचं उत्तर उपयोगाचं नाही. समजा गणित आलं: √(क्ष + ६) = क्ष. दोन्ही बाजूंचा वर्ग केला, क्ष² − क्ष − ६ = ०, अवयव (क्ष − ३)(क्ष + २), उत्तरं ३ आणि −२. आनंदाने दोन्ही भरली की लाल फुली. कारण −२ मूळ समीकरणात घातलं तर डावीकडे √४ म्हणजे २ आणि उजवीकडे −२. वर्ग करताना पाहुणा घरात शिरला आणि जेवायला बसला, त्याला ओळखून उठवायचं काम आपलं. ठीक आहे, −२ काढलं. मग टाइप केलं ‘क्ष = ३’. पुन्हा फुली. चौकटीच्या आधी ‘क्ष =’ आधीच छापलेलं असतं, म्हणजे संगणकाने वाचलं ‘क्ष = क्ष = ३’. तीन प्रयत्नांपैकी दोन गेले. तिसऱ्यात ‘३’ भरलं की हिरवी खूण येते. तोपर्यंत विद्यार्थ्याची खात्री झालेली असते की आपल्याला वर्गमूळ येत नाही. वर्गमूळ त्याला मगाचपासून येतंय!

असमानतेत आणखी मजा. −२क्ष > ६ मध्ये ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटतं, हे निम्म्यांना आठवतं. उत्तर क्ष < −३, अंतराल रूपात (−∞, −३). चौकोनी कंस म्हणजे टोकाची संख्याही धरली. अनंताला तो कधीच नाही, कारण तिथे पोचून दार लावता येत नाही. आणि अनंत टाइप कसा करायचा? काही प्रणालींत त्यासाठी इंग्रजी छोटा ‘ओ’ दोनदा दाबायचा. ज्या कल्पनेने थोरामोठ्यांची झोप उडवली ती आमच्याकडे दोन भोपळे शेजारी ठेवून भागवतात. ऋण तीनचा वर्ग हवा असेल तर कंस घाला. न घालता −३^२ लिहिलंत तर कॅल्क्युलेटर आधी तीनाचा वर्ग करतो, मग ऋण लावतो आणि −९ देतो. तो बरोबर आहे. हे सांगितलेलं कुणाला आवडत नाही.

मधेच आकडा गोल करायची खोड पैशाच्या गणितात महागात पडते. ५,००० डॉलर, ४ टक्के व्याज, दरमहा चक्रवाढ, १० वर्षं. ०.०४ भागिले १२ हे तसंच कॅल्क्युलेटरमध्ये ठेवलं तर ७,४५४.१६ येतात. ‘सुटसुटीत’ म्हणून ०.००३ धरलं तर ७,१६२.७९. एका सुटसुटीतपणाची किंमत २९१ डॉलर. म्हणून सिलॅबसात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: शेवटपर्यंत गोल करू नका. आणि गृहपाठातलं ‘दोन दशांश स्थळांपर्यंत’ म्हणजे दोनच. तीन दिलीत तर जास्त प्रामाणिक ठरत नाही, चूक ठरता.

हाताने सोडवलेली पानं पाठवायची तीही एकाच पीडीएफमध्ये, क्रमाने, सरळ. फोनवरचं स्कॅनिंग अ‍ॅप हे काम दोन मिनिटांत करतं, तरी येतात ते नऊ सुटे फोटो. दोन आडवे, एक उलटा, एकात पान कमी आणि चादरीवरचा मोर जास्त. पेन्सिलीने फिकट लिहिलं असेल तर स्कॅनमध्ये वजाचं चिन्ह आधी जातं. बीजगणितात वजा गेलं की मागे काही उरत नाही.

परीक्षा कॅमेऱ्यासमोर. आधी लॉकडाउन ब्राउझर उतरवायचा, तो सुरू झाला की बाकी सगळ्या खिडक्या बंद. ओळखपत्र दाखवायचं, मग काही ठिकाणी लॅपटॉप उचलून खोली फिरवून दाखवायची. ओहायोतल्या क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठाच्या एका प्रकरणात ऑगस्ट २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने असं खोली-दर्शन घटनेच्या चौथ्या दुरुस्तीविरुद्ध, म्हणजे अवाजवी झडतीपासून मिळालेल्या संरक्षणाविरुद्ध, ठरवलं, तेव्हापासून खोलीचं कलम लिहिताना आमचे हात जरा जड झालेत. चेहऱ्याचं काम मात्र तसंच चालू आहे. खिडकीकडे पाठ करून बसलात तर चेहरा काळा दिसतो आणि ‘व्यक्ती आढळत नाही’ अशी नोंद होते. प्रश्न मोठ्याने वाचलात तर ओठ हलतात. आणि एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागे मिळणाऱ्या व्हिसावर आलेली, नर्सिंगच्या प्रवेशासाठी हा कोर्स घेणारी सूनबाई परीक्षेला बसली असेल, मागून सासूबाई ‘अगं, दोन घास खाऊन घे’ म्हणत थालीपीठ घेऊन आल्या, तर यंत्र लिहितं: दुसरी व्यक्ती, अनोळखी वस्तू, संभाषण. तिन्ही खुणा लाल. ती चित्रफीत नंतर मलाच बघावी लागते, रिकाम्या पोटी. तेव्हा आदल्या दिवशी गुण नसलेली सराव परीक्षा असते ती द्या, दिवा समोर ठेवा आणि घरात नोटीस लावा. मराठीत लावा.

कॅल्क्युलेटर टीआय-८४ चालतो, टीआय-८९ चालत नाही. कारण दुसरा समीकरण चिन्हांसकट सोडवून देतो. मग परीक्षा त्याची की तुमची? फोनने प्रश्नाचा फोटो काढला की उत्तर देणारी अ‍ॅप आणि प्रश्न विकत सोडवून देणारी संकेतस्थळं यांची यादी सिलॅबसात दरवर्षी वाढते. पकडणं फारसं अवघड नसतं: साध्या वर्गसमीकरणाला जेव्हा कुणी आम्ही न शिकवलेल्या रीतीने, न शिकवलेल्या चिन्हांत, सुंदर क्रमवार उत्तर देतो, तेव्हा मी त्याला झूमवर बोलावून फक्त दुसरी ओळ समजावून सांगायला सांगते.

मेलचेही नियम आहेत. कॉलेजच्याच पत्त्यावरून, विषयात कोर्स आणि तुकडी, आणि कोणत्या प्रश्नाचा कोणता भाग ते. ‘गणित जमत नाहीये, मदत करा’ याला काय उत्तर द्यावं? भारतातून आलेली मुलं ‘रिस्पेक्टेड मॅडम’ने सुरुवात करतात, ‘काइंडली डू द नीडफुल’ने संपवतात आणि मधे ‘आय हॅव अ डाउट’ असतं. इथल्या माणसाला वाटतं की याचा माझ्यावर विश्वास नाही. ‘क्वेश्चन’ म्हणा, काम होतं. आणि आईबाबांनी मार्क विचारायला मेल करू नये. १९७४ च्या फर्पा कायद्याने कॉलेजातल्या मुलाचे मार्क ही त्याची खाजगी गोष्ट, त्याच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही सहसा तोंड उघडत नाही. फी बाबांनी भरली तरीही. हे ऐकल्यावर फोनच्या पलीकडे जी शांतता पसरते ती मला दरवेळी थोडी लागते.

एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर आणखी एक: पूर्णवेळ भारात दर सत्राला एकच ऑनलाइन कोर्स, म्हणजे तीनच क्रेडिट, धरता येतात. नाव घालण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जा. नंतर जाण्यात अर्थ नाही.

मधेच सोडायचा असेल तर रीतसर सोडा. शेवटच्या तारखेआधी अर्ज केला तर ‘डब्ल्यू’, म्हणजे कोर्स सोडला, गुपचूप गायब झालात तर ‘एफ’, म्हणजे नापास. आणि सरकारी मदत घेतली असेल तर सत्राचा ६० टक्के काळ उलटण्याआधी सोडल्यास काही रक्कम परत जाते.

या सगळ्यातून तरून आलेला विद्यार्थी सत्राच्या शेवटच्या आठवड्यात मेल करतो: ‘फायनलला किती मिळाले तर सी येईल?’ फायनलचा वाटा २५ टक्के, सी साठी हवेत ७०. आतापर्यंतच्या ७५ टक्के कामात सरासरी ६८ असेल तर ०.७५ गुणिले ६८ म्हणजे ५१, उरले १९, भागिले ०.२५, उत्तर ७६. हे दुसऱ्या आठवड्यातलं एकघाती समीकरण. पण असा मेल ६८ वाले करत नाहीत, ते स्वतः सोडवून मोकळे झालेले असतात. मेल करतो तो ५८ वाला. ०.७५ गुणिले ५८ म्हणजे ४३.५, उरले २६.५, भागिले ०.२५: १०६. फायनल १०० ची असते, एक्स्ट्रा क्रेडिट नाही असं सिलॅबसच्या सहाव्या पानावर आहे.

मेलला उत्तर द्यायला नियमाप्रमाणे माझ्याकडे ४८ तास असतात. या एका मेलला मी ते पुरेपूर वापरते.